मे महिन्यात डोंबिवलीच्या गच्चीवर टोमॅटोला फुलं येतात, मग फळ का धरत नाही?

२०२३ चा जुलै आठवतोय? टोमॅटो किलोला शंभरच्या पार गेला होता, काही ठिकाणी तर दीडशे-दोनशे. कल्याणमध्ये एका महिलेला नातेवाइकांनी वाढदिवसाला चार किलोंहून जास्त टोमॅटो भेट दिले आणि ती बातमी देशभर फिरली. मॅकडोनाल्ड्सने उत्तर आणि पूर्व भारतातल्या बऱ्याच आउटलेटमध्ये बर्गरमधून टोमॅटो काढून टाकला. शेवटी केंद्र सरकारने १४ जुलैपासून दिल्लीत ९० रुपये किलोने टोमॅटो विकायला सुरुवात केली.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र नाशिक आणि जुन्नरकडचे शेतकरी टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतत होते. कारण किलोला दोन-तीन रुपयेही हातात पडत नव्हते.

असा भाव वरखाली झाला की शहरातल्या माणसाच्या डोक्यात एक विचार येतोच. घरीच लावूया की! गच्ची आहे, बाल्कनी आहे, ऑनलाइन ग्रो बॅग मिळते, आणि रीलवर तर नेदरलँड्सच्या काचेच्या घरात छताला टेकलेले टोमॅटोचे वेल लटकताना दिसतात.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपं लावली जातात. एप्रिलपर्यंत झाड छातीएवढं होतं. हिरवंगार, पिवळ्या फुलांनी भरलेलं. घरच्या ग्रुपवर फोटो जातो. आणि मग मे महिन्यात रोज सकाळी कुंडीखाली पिवळी फुलं पडलेली दिसायला लागतात. टोमॅटोच्या फुलाच्या देठाला मध्येच एक छोटी गाठ असते, फूल बरोब्बर तिथून सुटतं. पन्नास फुलं येतात आणि फळं धरतात दोन. कधी कधी तीही नाही.

दोष कुणाला दिला जातो? बियाण्याला, मातीला, खताला. मग कुणीतरी सांगतं युरिया टाका, कुणी सांगतं ताक घाला, दुकानदार टॉनिकची बाटली देतो. झाड अजून हिरवं होतं, फुलं अजून गळतात.

कारण विषय खताचा नसतोच. विषय रात्रीच्या तापमानाचा असतो.

फुलाच्या आत काय बिघडतं?

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वताच्या पट्ट्यातला. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, अशा हवेत तो घडला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांसोबत आला असं मानलं जातं. वांगं, बटाटा आणि मिरची हे त्याचे भाऊबंद, पण उष्णतेच्या बाबतीत तो वांग्यापेक्षा बराच नाजूक आहे.

त्याला फळ धरायला दिवसा २१ ते ३० अंश आणि रात्री १५ ते २० अंश हे तापमान मानवतं. दिवसाचा पारा ३२ ते ३५ च्या वर राहिला किंवा रात्री २४ च्या खाली आलाच नाही, तर फळधारणा झपाट्याने कमी होते.

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. मध्ये पिवळा शंकू दिसतो, त्याच्या आत पराग तयार होतो. फूल हललं की तो पराग खाली झडतो आणि काम होतं. वारा पुरतो, नाहीतर भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो तेव्हा त्या कंपनाने पराग सुटतो. साध्या मधमाशीला ही कंपनाची युक्ती जमत नाही. म्हणून युरोपातल्या ग्रीनहाऊसमध्ये १९८० च्या दशकापासून बम्बलबी नावाच्या जाडजूड माश्यांची खोकी ठेवली जातात.

आता हा पराग जगायला साखर लागते. ती झाड दिवसा पानांत बनवतं. रात्री झाड श्वासोच्छ्वास करतं आणि त्यातली काही साखर जाळतं. रात्र जितकी गरम, तितकी जास्त साखर जळते. थंड रात्री झाडाच्या हातात शिल्लक राहते. २८ अंशांच्या रात्री दिवसाची कमाई भाडं-हप्त्यातच संपल्यासारखं होतं आणि परागाच्या वाट्याला उपास येतो. त्यात उष्णतेने पराग स्वतःही निकामी होतो. वरून पाहिलं तर फूल छान उमललेलं असतं, आतला पराग मात्र मेलेला असतो.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. पराग घडण्याचा नाजूक काळ फूल उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधीचा असतो. म्हणजे आज गळालेल्या फुलाचं नुकसान मागच्याच आठवड्यात होऊन गेलेलं असतं. आज संध्याकाळी वळवाचा पाऊस पडून हवा गार झाली, तरी उद्याच्या फुलाला त्याचा फार उपयोग नाही.

भर म्हणून आर्द्रता. हवा फार कोरडी असेल तर पराग चिकटत नाही, फार दमट असेल तर तो गोळा होऊन शंकूतून सुटतच नाही. ६० ते ७० टक्के आर्द्रता ठीक, ८० च्या वर गेली की अडचण. आणि खाडीकाठच्या शहरात पहाटे ८० टक्के म्हणजे रोजचीच गोष्ट.

आता आपली रात्र बघा. मुंबईत सांताक्रूझला मे महिन्यात रात्रीचं सरासरी किमान तापमान २७ अंशांच्या आसपास असतं. ठाणे, डोंबिवली, कल्याण समुद्रापासून आत. दुपारचा वारा इथे उशिरा आणि दमून पोहोचतो, त्यामुळे दिवस मुंबईपेक्षा जास्त तापतो. एप्रिल-मेच्या लाटेत हा पट्टा चाळिशीला टेकतो. आणि रात्री दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता सोडत बसतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्री अकरा वाजता गच्चीवर अनवाणी उभं राहिलं तरी पाय सांगतात.

टोमॅटोचं झाड त्याच स्लॅबवर रात्रभर उभं असतं.

मग ग्रीनहाऊसच बांधलं तर?

इथे नावातच गोंधळ आहे. ग्रीनहाऊस हा प्रकार थंड देशांसाठी जन्माला आला. काच किंवा प्लास्टिक ऊन आत येऊ देतं आणि तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाही. बाहेर पाच अंश असताना आत वीस ठेवायचे, हा त्याचा मूळ हेतू. डोंबिवलीच्या गच्चीवर मे महिन्यात चारही बाजूंनी प्लास्टिक लावलं तर बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रोप ठेवल्यासारखं होईल.

गरम प्रदेशातले ग्रीनहाऊसवाले मग काय करतात? स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया नावाचा भाग आहे. तिथे तीस हजार हेक्टरच्या आसपास प्लास्टिकची शेती आहे, उपग्रहाच्या फोटोत तो सगळा किनारा पांढरा दिसतो. युरोपची हिवाळ्यातली भाजी तिथून जाते. उन्हाळा आला की तिथले शेतकरी प्लास्टिकवर चुन्याचं पाणी मारतात, म्हणजे ऊन परतून जावं. आणि ऐन जुलै-ऑगस्टमध्ये बरेच जण पीकच घेत नाहीत. इतका पैसा आणि इतका अनुभव असलेली माणसं कडक उन्हाळ्यात सुट्टी घेतात, हे रीलमध्ये कुणी दाखवत नाही.

दुसरा उपाय म्हणजे फॅन अँड पॅड. ग्रीनहाऊसच्या एका भिंतीला पाणी झिरपणारे जाड पॅड, समोरच्या भिंतीला मोठे पंखे. ओल्या पॅडमधून ओढलेली हवा गार होते. थोडक्यात मोठा कूलर.

आणि कूलरचा नियम सगळ्यांना माहीत आहे. नागपूरचा कूलर डोंबिवलीत चालत नाही. कूलर हवा गार करतो ते पाण्याची वाफ करून, आणि वाफ व्हायला हवा कोरडी लागते. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या हवेला असा कूलर २६-२७ पर्यंत खाली आणू शकतो. ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर पाण्याने हवा कितीही भिजवली तरी ती २९ च्या खाली जाऊ शकत नाही. वर आतली आर्द्रता नव्वदीला जाते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. वीजबिल येतं ते वेगळंच.

घाटावर चालतं, घाटाखाली नाही

मग महाराष्ट्रात पॉलिहाऊस नाहीत का? भरपूर आहेत. व्हॅलेंटाइन डेला परदेशी जाणारे गुलाब मावळातल्या पॉलिहाऊसमधले असतात. तळेगाव दाभाड्याला तर पॉलिहाऊस शेतीचं प्रशिक्षण देणारं मोठं केंद्र आहे. हे सगळं मावळात उभं राहिलं, कल्याण-भिवंडीत नाही, याला पुणे-मुंबईचा रस्ता हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण उंचीचं आहे.

तळेगाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. कल्याण खाडीला लागून, जेमतेम काही मीटर. हवा वर जाईल तशी किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे सहाशे मीटरला चार अंश. पुण्यात मे महिन्यात दिवसा कितीही भाजलं तरी रात्रीचं सरासरी किमान तापमान २२-२३ असतं. कल्याणमधले २७ आणि तिथले २३, या चार अंशांत टोमॅटोचं फळ धरणं किंवा न धरणं ठरतं.

डोंबिवलीकर उन्हाळ्यात जो टोमॅटो खातो तो म्हणूनच बहुतेक वेळा घाटावरचा असतो. नारायणगावच्या बाजारातून निघालेली गाडी ओतूरवरून माळशेज घाट उतरते, मुरबाड ओलांडते आणि कल्याणला येते. टोमॅटो तिथे पिकतो आणि इथे विकतो, यामागे भूगोल आहे.

घाटावरही सगळं सोपं नाही, हे पण सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये लाट आली की तिथल्याही फुलांची गळ होते. रोपवाटिकेत पांढरी माशी वाढते आणि पानं मुरडणारा व्हायरस पसरवते. शेतकरी त्याला बोकड्या म्हणतात. एकदा झाड बोकडलं की ते उपटून टाकण्याशिवाय इलाज नाही. उन्हाळ्यात लावलेलं हे पीक जून-जुलैत बाजारात यायचं असतं. ते फसलं, त्यात भाव नाही म्हणून कुणी बाग सोडून दिली, त्यात पावसाने रस्ते अडले, की जुलैमध्ये भाव पेटतात. २०२३ ला जे झालं त्यात या सगळ्याचा थोडा थोडा हात होता. जुलै-ऑगस्ट हे तसेही देशात टोमॅटो कमी येण्याचे महिने आहेत.

पॉलिहाऊस आणि शेडनेटला सरकारी अनुदान मिळतं, पण उरलेला पैसा कर्जाचा असतो. भाव पडले आणि प्लास्टिक वादळात फाटलं की हप्ता थांबत नाही. याच हप्त्यांपायी राज्यातल्या पॉलिहाऊस-शेडनेटवाल्या शेतकऱ्यांना कर्जमाफीसाठी आंदोलनं करावी लागली आहेत.

टोमॅटो लाल का होत नाही?

समजा मार्चमध्ये धरलेली चार फळं झाडावर आहेत. मे महिन्यात ती पिकतात, पण लाल होत नाहीत. पिवळट-नारिंगी राहतात. लोकांना वाटतं बियाणं खोटं निघालं.

टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन नावाच्या द्रव्याचा. ते २० ते २५ अंशांत छान तयार होतं आणि ३० च्या वर सतत राहिलं की जवळपास थांबतं. पिवळा-नारिंगी रंग देणारं कॅरोटीन मात्र बनत राहतं. म्हणून उन्हातलं फळ केशरी. उपाय सोपा आहे. फळाला किंचित रंग चढला की तोडा आणि घरात सावलीला ठेवा. फ्रिजमध्ये नको, टोपलीत. उन्हात झाडावर ठेवण्यापेक्षा आत चांगला रंग येतो आणि पक्ष्यांपासूनही वाचतो.

रंगावरून एक जुनी अफवा आठवते. मे २०२० मध्ये, पहिल्या लॉकडाऊनमध्ये, अकोले, संगमनेर, जुन्नर भागात टोमॅटोवर हिरवे-पिवळे-लाल पट्टे दिसायला लागले. शेतकऱ्यांनी नाव दिलं 'तिरंगा'. सोशल मीडियावर लगेच सुरू झालं की कोरोनासारखा नवा व्हायरस टोमॅटोतून येतोय. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. तिथे काकडीवरचा मोझॅक व्हायरस आणि झाडांवरचे इतर व्हायरस सापडले. झाडांचे हे व्हायरस माणसाला होत नाहीत. पण तोपर्यंत अफवेने बाजार पाडला होता आणि फटका शेतकऱ्याला बसला.

तेव्हा केशरी टोमॅटोचा फोटो टाकून 'सावधान' लिहिण्याआधी थर्मामीटर बघा.

गच्चीवर झाड उभंच आहे, त्याचं काय करायचं?

मे महिन्यात फळ धरवणं हे ध्येय सोडून द्या आणि झाड जगवणं हे ध्येय ठेवा. जूनमध्ये पारा उतरला की जगलेलं झाड पुन्हा फुलतं.

सगळ्यात स्वस्त आणि कामाची वस्तू म्हणजे शेडनेट. ३५ किंवा ५० टक्क्यांची घ्या. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली टोमॅटो लांबुडका आणि मरतुकडा होतो. पांढरी मिळाली तर हिरव्यापेक्षा बरी, ती ऊन परतवते. जाळी झाडाला चिकटवू नका, डोक्यावर तीन-चार फूट जागा सोडा आणि बाजू उघड्या ठेवा, गरम हवा निघून गेली पाहिजे. जाळीमुळे पानं आणि फळं भाजत नाहीत. रात्रीची हवा मात्र ती गार करू शकत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

काळी ग्रो बॅग ही उन्हाळ्यातली मोठी चूक. दुपारी बॅगेच्या कडेची माती इतकी तापते की मुळं शिजतात. बाहेरून पांढरा रंग द्या किंवा जुनी गोणी गुंडाळा. कुंडी थेट स्लॅबवर न ठेवता विटांवर ठेवा. मातीवर वाळलेली पानं, नारळाची शेंडी, उसाचं चिपाड, जे मिळेल ते पसरा.

पाणी सकाळी भरपूर आणि संध्याकाळी गरजेप्रमाणे, पण रोज ठरलेल्या वेळी. दोन दिवस विसरून तिसऱ्या दिवशी बादलीभर ओतलं की फळाचा बुडखा काळा पडतो. तो रोग नव्हे, फळापर्यंत कॅल्शियम पोहोचलं नाही याची खूण आहे. त्यावर अंड्याची टरफलं टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो. टरफल मातीत विरघळायला महिने लागतात, नियमित पाणी त्याच आठवड्यात काम करतं.

युरिया बंद. नत्र वाढलं की पानं वाढतात, फुलं नाही. फूलगळ थांबवणारी संप्रेरकं बाजारात आहेत आणि त्यातली काही खरंच फळ धरायला लावतात, पण थेंब जास्त पडला की फळं वेडीवाकडी आणि पोकळ होतात. चार कुंड्यांसाठी तो उद्योग नको. त्यापेक्षा सकाळी आठ-दहाच्या दरम्यान फुलांच्या घोसाला टिचकी मारा. बॅटरीवरचा टूथब्रश देठाला टेकवला तर भुंग्याचं काम होतं. जिवंत पराग थोडा का असेना शिल्लक असेल तर दोन-चार फळं जास्त मिळतील.

चेरी टोमॅटो मोठ्या टोमॅटोपेक्षा उष्णता जास्त सोसतो. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा सदाबहार' ही जात गरम रात्रीही फळ धरते म्हणूनच निवडली गेली. बंगळुरूची 'अर्का रक्षक' बोकड्या, मर आणि करपा या तिघांना तोंड देते, पण ती संकरित आहे, तिचं बी ठेवून पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही.

आणि वजन. ओल्या मातीची वीस लिटरची बादली पंचवीस-तीस किलोची होते. शंभर बादल्या म्हणजे अडीच-तीन टन. डोंबिवलीतल्या चाळीस वर्षं जुन्या इमारतीच्या स्लॅबवर हे ठेवण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का ते विचारा. लोखंडी सांगाडा कायमचा बसवायचा असेल तर सोसायटी आणि महापालिका दोघांची परवानगी लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा गच्चीवरचे पत्रे उडाले होते. प्लास्टिकचं शेड त्याहून हलकं असतं.

पावसात छप्पर, उन्हाळ्यात भेंडी

ठाणे जिल्ह्यात प्लास्टिकच्या छपराचा खरा उपयोग पावसाळ्यात आहे. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात टोमॅटो उघड्यावर सडतो. वर फक्त छत आणि चारही बाजू मोकळ्या, असं पावसाचं शेड केलं तर पानं कोरडी राहतात. कोकणच्या मातीत मर रोगाचा जिवाणूही असतो, हिरवंगार झाड दोन दिवसांत माना टाकतं. त्यावर तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने सुचवलेली युक्ती अशी की वांग्याच्या मुळावर टोमॅटोचं कलम करायचं. वांग्याची मुळं मरही सोसतात आणि साचलेलं पाणीही. महाराष्ट्रात अशी कलमी रोपं काही रोपवाटिका आता विकतात.

उन्हाळ्यासाठी मात्र जिल्ह्याचं उत्तर फार पूर्वीपासून ठरलेलं आहे. शहापूर-मुरबाडचे शेतकरी भातानंतर भेंडी घेतात, तिला ३५ अंश आवडतात, आणि इथली भेंडी परदेशातही जाते. गच्चीवरही मार्च ते मे भेंडी, गवार, दुधी, काकडी लावली तर फुलं गळत नाहीत.

टोमॅटोचं बी दसऱ्याला टाकायचं. दिवाळी आटोपली की रोपं मोठ्या कुंडीत हलवायची. डिसेंबर-जानेवारीत कल्याण-डोंबिवलीच्या रात्री १६-१८ अंशांवर येतात, म्हणजे बरोबर टोमॅटोला हव्या तशा. संक्रांतीच्या सुमाराला पहिली फळं लाल होतात आणि मार्चअखेरपर्यंत तोडा चालू राहतो. त्यात प्लास्टिक, पॅड किंवा पंखा यातलं काहीच लागत नाही.